खिडकीपाशी ॲडजस्ट

गुणाजी घाडीला इंग्रजीतलं एकच क्रियापद येतं आणि त्याच्या जोरावर त्याने मुंबईत अख्खा जन्म काढला आहे. बाकीच्या इंग्रजीच्या वाटेला तो कधी गेला नाही. जे गेले त्यांचं पुढे काय झालं, ते लालबागमध्ये सगळ्यांना दिसतंच आहे. गुणाजीचं क्रियापद म्हणजे 'ॲडजस्ट'.

हे त्याला मिळालं मिलमध्ये. मिसरूड फुटायच्या वयात तो नागझरवाडीहून येऊन साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, बदली कामगार म्हणून लागला. साचा अडला की फिटर यायचा, पाना फिरवायचा, कपाळावरचा घाम पुसायचा आणि म्हणायचा, "ॲडजस्ट केलाय, चालव." आणि साचा चालायचा. गुणाजीला त्या माणसापेक्षा त्या शब्दाचं कौतुक वाटलं. पुढे संप झाला, मिल गेली, साचे भंगारात गेले, फिटर गावी जाऊन आंब्याची राखण करायला लागला. शब्द तेवढा गुणाजीकडे राहिला, तो आजतागायत आहे.

मिलनंतर त्याला दादरच्या एका मंगल कार्यालयात काम लागलं. काम म्हणजे पंगत बसवायची. लग्नाला बोलावलेली माणसं आणि आलेली माणसं यांचा मेळ जगात कुठेच बसत नाही, तो गुणाजी बसवायचा. "जरा सरका मावशी, ॲडजस्ट करा. पाहुणे, मांडी थोडी ॲडजस्ट करा." एका रांगेत दहाच्या जागी तेरा माणसं जेवून उठत आणि प्रत्येकाला वाटे की आपल्यालाच तेवढी अडचण झाली. पुढे बुफे आला, पंगती गेल्या. तेव्हा गुणाजी खुर्च्या ॲडजस्ट करायला लागला, आणि रुसलेली माणसंही. कुणाचा मामा वरातीत मागे राहिला म्हणून फुगून बसला, की मॅनेजर आधी गुणाजीला हाक मारायचा. गुणाजी मामाजवळ जाऊन बसायचा, त्याला दोन जिलब्या खिलवायचा आणि परत येऊन सांगायचा, "मामा ॲडजस्ट झाले."

घरीदारी तेच. आमटीत पाणी घातलं की ते ॲडजस्ट, आणि शेजारून वाटीभर आमटी मागून आणली की तेही ॲडजस्ट. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधली, ॲडजस्ट. नळाच्या वेळेवरून दोन बिऱ्हाडं हातघाईवर आली, त्यांना मध्ये पडून ॲडजस्ट. नागझरवाडीच्या एका जोडप्याच्या पत्रिका जुळत नव्हत्या, तर गुणाजीने भटजींना बाजूला नेलं आणि मंगळ ॲडजस्ट केला. त्या जोडप्याला आता नातवंडं आहेत. इतकंच काय, त्याचा जुना दोस्त कुशाबा वारला तेव्हा सगळे रडत असताना गुणाजी डोळे पुसून म्हणाला, "देवाने कुशाबाला वर ॲडजस्ट करून घेतलं." आणि हे ऐकून रडणाऱ्या माणसांना खरंच थोडं बरं वाटलं.

आता तो राहतो ती खोली सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथलाच आहे. ती खोली गुणाजीची नाही, नागझरवाडीची आहे. कोकणातल्या गावांनी मिलच्या दिवसांत वर्गणी काढून लालबाग-परळला अशा गावकीच्या खोल्या घेऊन ठेवल्या. गावातल्या प्रत्येक घराला त्या खोलीत एक खुंटी आणि एका ट्रंकेपुरती जागा. गावचा माणूस मुंबईला आला की त्याने खुंटीला सदरा अडकवायचा आणि चटई पसरायची. मिलच्या काळात एकेका चटईवर पाळीपाळीने तीन माणसं झोपत. आता चारपाच पोरं असतात. विनीत लोअर परळच्या मॉलमध्ये बुटांच्या दुकानात आहे, धनेश मोटारसायकलवरून पार्सलं पोचवतो, बाकीची येऊन जाऊन असतात. बायको सुभद्रा गावी, शेत आणि घर सांभाळते. गुणाजी खोलीचा कारभारी. कोण कुठे झोपणार हे तो ठरवतो.

खोलीचा नियम एकच आणि तो फार जुना. संध्याकाळी देवाच्या फोटोपुढे दिवा लागतो. दिवा लागायच्या आत ज्याची ट्रंक खोलीत आली, तो माणूस खोलीचा झाला. मग त्याला बाहेर काढायचं तर गावात देवळात बैठक बसायला हवी, आणि बैठक बसते जत्रेला. दिवा लागल्यावर मात्र कुणाचीही ट्रंक उंबरा ओलांडत नाही. रात्री झिंगून येणाऱ्यांना बाहेर ठेवायला कुण्या शहाण्याने हा नियम केला असावा. गुणाजीने तो कधी मोडला नाही आणि मोडू दिला नाही.

आता मुख्य गोष्ट. ह्या माणसाने सगळ्या जगाला ॲडजस्ट केलं, स्वतः मात्र तो आयुष्यात कधी ॲडजस्ट झाला नव्हता. खोलीला एकच खिडकी आहे, दारासमोरच्या भिंतीत. खिडकीच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी कपाट, वर पंखा. तो कोपरा गुणाजीचा. कितीही माणसं आली तरी ती दाराकडे, मोरीकडे, माळ्यावर ॲडजस्ट होत आणि गुणाजी खिडकीखाली ऐसपैस पाय पसरून झोपे. खिडकी मसाला कुटायच्या मशीनवर उघडते. मार्च-एप्रिलमध्ये खाली मिरची पडायला लागली की खिडकीशी बसणारा माणूस शिंकून शिंकून लाल होतो. गुणाजी लाल व्हायचा, पण जागा सोडायचा नाही. "समुद्राचं वारं येतं रे इथे," तो शिंकता शिंकता सांगायचा. पोरं एकमेकांकडे बघत.

तर गेल्या श्रावणात एका दुपारी सुभद्राचा फोन आला.

"कुशाबाची नात मुंबयक येता," ती म्हणाली. "आकांक्षा. परळच्या हॉस्पिटलात तिका डायलिसिसचा मशीन चालवूक शिकवतले. हॉस्टेल दिवाळेनंतर मेळतला. तवसर तिका खोलयेत ॲडजस्ट करा."

गुणाजी खिडकीत बसला होता. तो सरळ झाला. "पोरगी? हंय? ता कसा ॲडजस्ट होतला?"

"तुमीच सांगतास, सगळा ॲडजस्ट होता म्हणून."

"सगळा होता. ह्या होवचा नाय."

आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य त्याच्या तोंडून गेलं. मग त्याने कारणं सांगितली. खोली पुरुषांची. पोरं बनियनवर हिंडतात. मोरीला दार नाही. लोक काय म्हणतील. कारणं सगळी खरी होती, पण खरं कारण त्याने सांगितलं नाही. सुभद्राने 'पोरगी' म्हटल्याबरोबर त्याच्या डोक्यात पंगत बसवणाऱ्याचा हिशेब झाला होता. खोलीत पडदा लावून आडोसा होईल असा कोपरा एकच होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कपाट. तो गेला की गुणाजीने कुठे जायचं?

"विरारक तिचो मावसो आसा. थंय सांग," तो म्हणाला.

"विरारसून सकाळी सातच्या पाळयेक परळाक? दोन दिवसांत घराक येतली पोर, शिक्षण सोडून," सुभद्रा म्हणाली. गुणाजीने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ती म्हणाली, "बरां."

एवढ्या वर्षांच्या संसारानंतर तरी त्याला कळायला हवं होतं. सुभद्रा भांडली की काळजी नसे. ती 'बरां' म्हणाली की कुठेतरी पाणी मुरत असे. पण गुणाजी खूश होता. त्याने पंखा वाढवला आणि पाय पसरले.

चार दिवसांनी सकाळी धनेशने कोकणच्या गाडीवरून एक ट्रंक आणली. जुनी, पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात कुशाबाचं नाव. "सुभद्राकाकींनी पाठवलीय," धनेश म्हणाला. "किल्ली मागाहून येतेय."

गुणाजीने ट्रंक हलवून बघितली. जड होती. तांदूळ असणार, कुळथाचं पीठ, सोलं, सुकट. कुशाबाच्या घरून ट्रंक मागून घेऊन बायकोने नवऱ्यासाठी खाऊ पाठवला, असं त्याने बघता बघता ठरवलं. त्याचा ऊर भरून आला. "बघा," तो पोरांना म्हणाला, "किल्लीसुद्धा वेगळी पाठवलीय. तुमच्यासारख्या उंदरांच्या भीतीने." पोरांच्या हाताला लागू नये म्हणून त्याने ती ट्रंक स्वतः ओढत नेली आणि थेट आपल्या खिडकीखाली ठेवली. वर टॉवेल पसरला. दुपारभर तो त्या ट्रंकेवर बसून होता. संध्याकाळी उठला, हातपाय धुतले आणि देवापुढे दिवा लावला.

काडी विझवून तो वळतो तर दारात एक पोरगी उभी. पाठीला बॅग, पायात बूट, हातात किल्ली.

"गुणाजीकाका ना? मी आकांक्षा. माझी ट्रंक आत आली ना?"

गुणाजीने ट्रंकेकडे बघितलं. ट्रंकेवरच्या टॉवेलाकडे बघितलं. मग दिव्याकडे. त्याला सगळं एकदम कळलं आणि तो ट्रंकेवर मटकन बसला, मग ती कुणाची ते आठवून उठला.

"ही पुरुषांची खोली आहे, बाळा," त्याने सुरुवात केली. "बायकांची नाही. नियम आहे."

"नियमात बाई नाही, हे बरोबर," धनेश कोपऱ्यातून म्हणाला. "पण नियमात पुरुष पण नाही, काका. नियमात ट्रंक आहे."

"तू गप रे."

"आणि ट्रंक तुम्हीच आत घेतलीत," विनीतने भर घातली. "आम्हाला तर हातसुद्धा लावू दिला नाहीत."

पोरगी भांडली नाही, रडली नाही. ती उंबऱ्यावर उभी होती आणि वाट बघत होती. "काका, सोमवारी माझं सुरू होतं," एवढंच ती म्हणाली. "जागा नसेल तर मी उद्या परत जाते. पण मग परत येणं नाही होणार." हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की गुणाजीला तिच्यापेक्षा स्वतःचाच राग आला.

त्याला एक वाट दिसली. तो समोरच्या खोलीच्या दारात गेला. तिथे चंपाकाकी राहते. लालबागमध्ये जन्मली, लालबागमध्येच दिली, आवाज असा की तिने भाजीवाल्याशी भाव केला तर भायखळ्याला भाजी स्वस्त होते. "वहिनी," गुणाजी मऊ आवाजात म्हणाला, "गावची पोरगी आलीय. तुमच्याकडे जरा ॲडजस्ट कराल काय?"

चंपाकाकी लसूण सोलत होती. तिने सोलणं थांबवलं नाही. "माझ्या घरात नऊ माणसं आहेत गुणाजी, आणि एक कुत्रा. तुझी सुभद्रा पहिल्यांदा मुंबईला आली, आठवतं? अंगाची हळद उतरली नव्हती पोरीच्या. तिला माझ्या सासूच्या मोरीपाशी ॲडजस्ट केलीस, आणि स्वतः खिडकीत जाऊन झोपलास. ती संध्याकाळभर इथे गॅलरीत उभी राहून तुमच्या दाराकडे बघायची. एकदा आत ये म्हणाला नाहीस तिला. आता हिला पण माझ्याकडे टाकतोस? माझी खोली म्हणजे तुझा माळा नाही."

"तेव्हा खोलीत चौदा बाप्ये होते वहिनी. मी तरी काय करणार?"

"सरकायचं होतंस," चंपाकाकी म्हणाली. मग तिने लसणाचं ताट बाजूला ठेवलं आणि लुगडं झाडत उठली. "एक काम करते. पोरीला तुझ्या खोलीतच राहू दे. तिच्या सोबतीला मी येते झोपायला. तशीही मला आमच्याकडे पाय पसरायला मिळत नाही."

अशा रीतीने गुणाजी एका बाईला टाळायला गेला आणि दोन घेऊन आला.

पडदा त्याच्याच मंगल कार्यालयातून आला, जुना झाल्यामुळे स्टेजवरून उतरवलेला. लाल मखमल, खाली सोनेरी झालर. भिंतीपासून कपाटापर्यंत तो ताणून बसला, जसा काही त्याच मापाने शिवला होता. संध्याकाळी दिवा लागला की वाटायचं, आता मंगलाष्टकं सुरू होणार आणि पडद्याआडून नवरी येणार. यायची ती चंपाकाकी, हातात उशी घेऊन.

आणि गुणाजी गेला मोरीपाशी, दाराला लागून.

आयुष्यभर लोकांना सरकवणाऱ्या माणसाला सरकावं कसं, ते येत नव्हतं. पंख्याचं वारं त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत दमून जायचं. मोरीचा नळ पहाटे सूं करायला लागला की तो दचकून उठायचा. पोरं गॅलरीत झोपायला लागली होती, पण पाणी प्यायला आत आली की त्याला ओलांडून जात. "काका, पाय ॲडजस्ट करा, दार उघडत नाही," विनीत म्हणायचा. "काका, डोकं ॲडजस्ट करा, कळशी ठेवायचीय," धनेश म्हणायचा. पडद्याआड चंपाकाकी घोरायची. तिचं घोरणंही तिच्या बोलण्यासारखंच, मध्येच कुणाशी तरी भांडत असल्यासारखं.

पोरगी तशी गुणी होती, पण गरीब गाय नव्हती. सकाळी मशीनच्या भागांची इंग्रजी नावं मोठ्याने पाठ करायची. पाठ करताना येरझाऱ्या घालायची आणि प्रत्येक फेरीत गुणाजीची वळकटी पायाने बाजूला करायची. ब्लडप्रेशर मोजायचं शिकली तेव्हा सरावाला गुणाजीच सापडला. "काका, हात ॲडजस्ट करा. असा नाही, सैल सोडा." मग आकडा बघून तिने त्याचं लोणचं बंद केलं. चंपाकाकीने ते लगेच आपल्या घरी नेलं. पोरांचं मात्र बरं चाललं होतं. विनीत घरात सदरा घालून बसायला लागला. धनेशने आयुष्यात पहिल्यांदा चादरीची घडी केली. मोरीला एक दारही बसलं, प्लायचं. ते उघडलं की गुणाजीच्या गुडघ्याला लागायचं.

शेवटी एका रविवारी त्याला असह्य झालं. तो फोन घेऊन गॅलरीच्या टोकाला गेला.

"सुभद्रा, माझे हाल झाले गो," तो म्हणाला. "रातभर उकाडता. मोरयेचो वास येता. कोणाचो ना कोणाचो पाय लागता. माझ्याच खोलयेत माका कोण विचारूक नाय."

पलीकडे ती हसली. तिला हसू आवरेना. मग थांबली आणि म्हणाली, "माका पण तसाच झाल्ला."

"कधी?"

"तेवा. चंपाच्या सासयेच्या मोरयेपाशी."

गुणाजीने गॅलरीचा कठडा धरला.

"माका त्याचो राग नाय होतो," सुभद्रा म्हणाली. "जागा नाय तर नाय. पण तुमी गावाक इलास काय सांगायचास, खिडकीत बसलंय की सगळी मुंबय दिसता. गणपतीक सांगायचास, शिमग्याक सांगायचास. पोरांका मांडयेर घेवन सांगायचास. माका वाटायचा, एकदा बघूया काय दिसता ता. तेवाच बघूची होती. तुमी बोलवलासच नाय."

असल्या वेळी गुणाजीकडे शब्द तयार असायचा. मामा रुसले, पत्रिका अडली, माणूस मेला, तरी तो शब्द यायचा. आज तो आला नाही. त्याला लाज वाटली, आणि ती मोरीपाशी झोपताना वाटायची त्याहून फार मोठी होती. चौदा बाप्ये होते हे खरं. पण दुपारी पाळी बदलताना घटकाभर खोली रिकामी व्हायची, हेही खरं. दुपारी एकदा तिला हाताला धरून आणून खिडकीत बसवली असती, तर कुणाचं काय गेलं असतं? त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"ठेवतंय," तो म्हणाला.

"बरां," सुभद्रा म्हणाली. हे 'बरां' अगदी साधं होतं.

दिवाळी झाली आणि आकांक्षाला हॉस्टेल मिळालं. निघायच्या दिवशी तिने गुणाजीचं ब्लडप्रेशर शेवटचं मोजलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, तुमची जागा तुम्हाला परत." धनेशने कुशाबाची ट्रंक उचलून खाली नेली. चंपाकाकी उशी काखेत घेऊन कुरकुरत आपल्या घरी गेली. खिडकीखालचा कोपरा मोकळा झाला. विनीत स्टुलावर चढला आणि पडद्याच्या दोरीला त्याने हात घातला.

"राहू दे तो पडदा," गुणाजी म्हणाला.

"कोण येतंय?"

गुणाजीने खुंटीवरच्या सदऱ्यातून फोन काढला. तो परत गॅलरीच्या टोकाला गेला. "सुभद्रा, तुझी लग्नातली ट्रंक आसा मां अजून?"

"आसा. तांदूळ ठेवलंय तेच्यात. कोणाक होयी?"

"तुका. घेवन ये."

मागे कोंबड्या ओरडत होत्या, तेवढ्या ऐकू आल्या. मग ती म्हणाली, "माझ्यासाठी होतला ॲडजस्ट?"

"ॲडजस्ट नको," गुणाजी म्हणाला. "तू ये फक्त."

ती यायची होती त्या दिवशी गुणाजीने मंगल कार्यालयात रजा टाकली. त्याने खिडकीचे गज पुसले. पोरांकडून फरशी धुऊन घेतली. गाडी दुपारी लालबागला पोचायची होती, आणि धनेश उतरवून घ्यायला गेला होता. पण पनवेलला काहीतरी उलटलं होतं आणि रस्ता तुंबला होता. दुपार गेली. चहाची वेळ गेली. ऊन समोरच्या कौलांवरून उतरलं. धनेशचा फोन आला, "काका, सायन आलं म्हणतायत." सायनपासून लालबागपर्यंत त्या वेळेला किती लागतं ते गुणाजीला माहीत होतं.

ह्या तीन महिन्यांत दिवा लावायचं काम चंपाकाकीकडे गेलं होतं. ती सवयीने आली, वात वर केली आणि काडेपेटी उघडली.

"थांबा वहिनी," गुणाजी म्हणाला.

"दिवेलागण झाली."

"अजून उजेड आहे."

चंपाकाकीने बाहेर बघितलं. गॅलरीभर दिवे लागले होते. वरच्या मजल्यावर कुणीतरी घंटा वाजवत होतं. "कुठे आहे उजेड?"

"आहे. तिकडे आहे थोडा," गुणाजी म्हणाला आणि समोरच्या टॉवरच्या काचेकडे बोट दाखवलं. तिथे कुठल्यातरी मजल्यावर एक तांबूस डाग शिल्लक होता. चंपाकाकीने त्या डागाकडे बघितलं, मग गुणाजीच्या तोंडाकडे. ती काही बोलली नाही, हे त्या चाळीत बहुधा पहिल्यांदाच झालं. तिने काडेपेटी मिटली आणि भिंतीला टेकून बसली.

विनीतने ट्यूबलाइटच्या बटणाकडे हात नेला.

"हात काढ," गुणाजी म्हणाला.

मग ते सगळे काळोखात बसले. काचेवरचा डागही गेला. गॅलरीतून जाणारे लोक डोकावून विचारत, "लाईट गेली का तुमची?" आणि विनीत आतून सांगे, "नाही, अजून संध्याकाळ व्हायचीय." नियमाचा एवढा कडक माणूस, त्याने नियम मोडला नाही. त्या दिवशी नागझरवाडीच्या खोलीपुरती त्याने संध्याकाळच थांबवून धरली.

जिन्यावर पत्रा आपटल्याचा आवाज झाला. धनेश डोक्यावर ट्रंक घेऊन धापा टाकत आला. त्याच्यामागे सुभद्रा. केस पांढरे, नवी चप्पल, हातात पिशवी. ती दारापर्यंत आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. सांगितल्याशिवाय आत यायचं नसतं, हे तिच्या पायांना अजून आठवत होतं.

"आधी ट्रंक," गुणाजी म्हणाला. धनेशने ट्रंक आत आणून खिडकीखाली ठेवली. "आता लावा वहिनी."

काडी ओढली गेली, दिवा लागला. गुणाजी उठला, दारात गेला आणि सुभद्राच्या हातातली पिशवी घेतली. "ये," तो म्हणाला.

ती आत आली. कुणाकडे न बघता सरळ खिडकीपाशी गेली, ट्रंकेवर बसली आणि गजांना तोंड लावून बाहेर बघायला लागली. खाली मसाल्याचं मशीन होतं. कुण्या लग्नघरचा मसाला पडत होता. मशीनवाला मिरचीने लाल झालेल्या बनियनवर उभा होता. त्याच्यापलीकडे एक भिंत, भिंतीवर पाइप, आणि वर हातभर आकाश. सुभद्रा बघत राहिली. मग तिला एक शिंक आली. मग दुसरी.

"ह्याच?" तिने डोळे पुसत विचारलं.

"ह्याच," गुणाजी म्हणाला.

"आनी मुंबय खंय आसा?"

गुणाजी तिच्या खांद्यापाशी वाकला आणि त्याने गजाबाहेर बोट दाखवलं. "मान थोडी वाकडी करूची लागता," तो म्हणाला. "मगे कडेक थोडी दिसता."

सुभद्राने मान वाकडी केली. तिला काय दिसलं ते तिलाच ठाऊक. ती तशीच बघत राहिली आणि तिने ट्रंकेच्या एका कडेला सरकून हाताने जागा दाखवली. "उभे कित्याक? बसा हंय. ॲडजस्ट व्हा," ती म्हणाली.

गुणाजी त्या अर्ध्या ट्रंकेवर अंग चोरून बसला.